नांगरामागील धुराचा हिशेब

पर्वतावर धूर दिसला म्हणजे तेथें अग्नि असलाच पाहिजे, हें न्यायशास्त्रांतील अनुमानाचें उदाहरण भारतांतील पाठशाळांत शतकानुशतकें घोकलें गेलें आहे. त्याच शास्त्रानें विद्यार्थ्याला एक इशाराही देऊन ठेवला आहे. धुरावरून अग्नीचें अनुमान बिनचूक ठरतें. परंतु अग्नीवरून धुराचें अनुमान करावयास कोणी निघाला तर तो फसतो. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असतो, पण धूर नसतो. धूर निघण्यास ओल्या सरपणाचा संयोग लागतो. ही अट, शास्त्रकारांच्या भाषेंत हा ‘उपाधि’, ध्यानांत न घेतां जो हिशेब करील त्याचा हिशेब चुकल्यावांचून राहणार नाहीं.

विसाव्या शतकाच्या अखेरीस पाश्चात्य देशांतील सरकारांवर नेमकें हेंच उलटें अनुमान करण्याची पाळी आली. शेतांत आणि जंगलांत चालणाऱ्या लक्षावधि यंत्रांच्या पोटांत जें तेल जळतें त्यावरून हवेंत किती काजळी व किती विषारी वायु मिसळतात हें त्यांना ठरवावयाचें होतें. प्रत्येक ट्रॅक्टरच्या नळकांड्यापाशीं तपासनीस उभा करणें कोणत्याही सरकारला शक्य नाहीं. तेव्हां अनुमानावांचून गत्यंतर नव्हतें. या अनुमानशास्त्राचा इतिहास शंभराहून अधिक वर्षांचा आहे, आणि त्याचा आरंभ शेतकी यंत्रांच्या एका प्राध्यापकापासून व्हावा हा योगायोग मोठा मनोरंजक आहे.

माक्सिमिलियन रिंगेलमान (१८६१–१९३१) हे फ्रान्समध्यें शेतकी यंत्रशास्त्र शिकवीत असत, आणि पॅरिस येथील शेतकी यंत्रांच्या परीक्षणशाळेचे ते प्रमुख होते. त्या काळीं यंत्राची शक्ति म्हणजे वाफ, आणि वाफ म्हणजे कोळसा. कोळसा नीट जळाला नाहीं म्हणजे धुराड्यांतून काळा लोट बाहेर पडे; त्यांत हवा दूषित होण्याबरोबर जळणही वायां जाई. हा धूर किती काळा, हें सांगावयाचें कसें? एकाला जो करडा दिसे तो दुसऱ्याला काळा दिसे. १८८८ च्या सुमारास रिंगेलमान यांनीं यावर अगदीं सोपी युक्ति काढली. त्यांनीं पांढऱ्या कागदावर काळ्या रेघांच्या जाळ्या आंखल्या. पहिल्या कागदावर एक मिलिमीटर जाडीच्या रेघा आणि त्यांमध्यें नऊ मिलिमीटरांचे पांढरे चौकोन. पुढच्या प्रत्येक कागदावर रेघ अधिक जाड व चौकोन अधिक लहान. असे कागद सुमारें पन्नास फुटांवर टांगले म्हणजे रेघा डोळ्यांना वेगळ्या दिसत नाहींत आणि प्रत्येक कागद करड्या रंगाची एकेक छटा दाखवितो. कोरा कागद शून्य क्रमांकाचा, पूर्ण काळा पांचव्या क्रमांकाचा, आणि मधले चार अनुक्रमें वीस, चाळीस, साठ व ऐंशी टक्के काळे. धुराड्याच्या तोंडाशीं दिसणारा धूर यांपैकीं कोणत्या छटेशीं जुळतो तें पाहावयाचें आणि तो क्रमांक टिपून ठेवावयाचा, इतकेंच काम. चार आण्यांच्या कागदानें धुराला आंकडा मिळाला.

हें साधन झपाट्यानें जगभर पसरलें. १८९७ सालीं तें अमेरिकन इंजिनियरांच्या वाचनांत आलें. १९१० पर्यंत बोस्टन शहराच्या धूरविषयक कायद्यांत त्याला स्थान मिळालें. मुंबईतही गिरण्यांच्या धुराड्यांविरुद्ध याच सुमारास, म्हणजे १९१२ सालीं, धुराच्या उपद्रवाचा स्वतंत्र कायदा झाला. १९५२ च्या डिसेंबरांत लंडनवर जें विषारी धुकें उतरलें आणि ज्यानें हजारों माणसें दगावलीं, त्यानंतर १९५६ सालीं इंग्लंडनें स्वच्छ हवेचा कायदा केला. त्यांतील ‘काळा धूर’ या शब्दाची व्याख्याही रिंगेलमान यांच्या दुसऱ्या छटेवरूनच ठरविण्यांत आली.

रिंगेलमान यांचा आणखी एक प्रयोग मानसशास्त्राच्या पुस्तकांतून आजही सांगितला जातो. त्यांनीं माणसांना दोर ओढावयास लावून त्यांचें बळ मोजलें. एक माणूस जेवढें ओढतो त्याच्या आठपट आठ माणसांनीं ओढावयास पाहिजे. परंतु प्रत्यक्षांत आठांचें एकत्र बळ त्या अपेक्षेच्या जवळजवळ निम्मेंच भरलें. १९१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांतील बोध असा कीं, एकाची मोजणी करून तिला संख्येनें गुणलें म्हणजे समुदायाचें माप हातीं येतें, ही समजूत भाबडी आहे. पुढें धुराचा हिशेब करणाऱ्यांना हाच बोध फार महाग किंमत देऊन शिकावा लागला.

दरम्यान शेतांतील यंत्रच पालटलें. १८९२ सालीं अमेरिकेंतील आयोवा प्रांतांत जॉन फ्रोलिक यांनीं पेट्रोलवर पुढें-मागें चालणारा ट्रॅक्टर तयार केला. १८९७ सालीं जर्मनींत आउग्सबुर्ग येथें रुडॉल्फ डिझेल यांचें एंजिन कसोटीला उतरलें. १९१७ पासून फोर्डसन ट्रॅक्टर कारखान्यांतून हजारोंनीं बाहेर पडूं लागले, आणि पुढल्या दोन दशकांत डिझेल एंजिन ट्रॅक्टरवर येऊन बसलें. जंगलांतही तीच क्रांति झाली. आंद्रेआस श्टील यांनीं १९२६ सालीं विजेवर व १९२९ सालीं पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत काढली. ती इतकी जड होती कीं दोन माणसांनीं धरावी लागे. पण कुऱ्हाडीचें युग तिनें संपविलें.

या यंत्रांची पहिली नि:पक्षपाती परीक्षा सरकारी धोरणांतून निघाली नाहीं. ती एका शेतकऱ्याच्या चडफडाटांतून निघाली. नेब्रास्का प्रांतांतील विल्मट क्रोझियर यांनीं एक ट्रॅक्टर विकत घेतला; जाहिरातींत वर्णिलेलें बळ त्याच्या अंगांत नव्हतें. क्रोझियर पुढें विधिमंडळावर निवडून आले, आणि १९१९ सालीं त्यांच्या खटपटीनें असा कायदा झाला कीं विद्यापीठाच्या परीक्षेवांचून त्या प्रांतांत कोणताही ट्रॅक्टर विकला जाऊं नये. १९२० च्या वसंतांत लिंकन येथें पहिली परीक्षा पुरी झाली. ट्रॅक्टर किती बळानें ओढतो, आणि एका गॅलन तेलांत किती काम करतो, हीं दोन उत्तरें तेथें काटेकोरपणें लिहिलीं जात. नळकांड्यांतून काय बाहेर पडतें हा प्रश्न त्या वेळीं कोणाच्या मनांतही आला नाहीं. तथापि तेल व काम यांचें प्रमाण प्रथमच विश्वासार्ह आंकड्यांत लिहिलें गेलें, आणि पुढील सर्व हिशेबाची जमेची बाजू तीच होय.

खर्चाची बाजू उघडकीस आली ती लॉस एंजेलिस शहरांत. १९४३ च्या जुलै महिन्यांत त्या शहरावर असें झोंबरें धुकें पसरलें कीं, युद्धकाळ असल्यामुळें शत्रूनें विषारी वायु सोडला कीं काय अशी शंका लोकांना आली. पुढें हें धुकें वारंवार येऊं लागलें, आणि शहराभोंवतालच्या मळ्यांतील पालेभाज्यांचीं पानें करपूं लागलीं. या करपण्याचा शोध आरी हागेन-स्मिट या वनस्पति-रसायनज्ञाकडे आला. अननसाच्या स्वादाचें पृथक्करण करणारा हा विद्वान् धुक्याच्या मागें लागला. आणि १९५० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत त्यानें दाखवून दिलें कीं, मोटारी व तेलाचे कारखाने यांतून सुटणारे हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनचीं ऑक्साइडें यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ओझोन तयार होतो, आणि डोळे चुरचुरविणारें, पिकें करपविणारें विष तेंच.

या शोधानें रिंगेलमान यांच्या कागदांची मर्यादा उघड केली. हे वायु काळे नव्हते. ज्या नळकांड्यांतून दिसण्याजोगा धूर मुळींच निघत नाहीं तेंही नळकांडें अपराधी असूं शकतें, हें आतां सिद्ध झालें. डोळ्यांची साक्ष पुरी पडेना. प्रत्येक वायु ग्रॅममध्यें तोलणें भाग पडलें. कॅलिफोर्नियानें १९६६ च्या व अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारनें १९६८ च्या मोटारींपासून धुराड्यांवर बंधनें घातलीं. परंतु ट्रॅक्टर, कापणीयंत्र, लांकडें ओढणारें यंत्र आणि साखळी-करवत यांना हीं बंधनें लागूं नव्हतीं. कारण एवढेंच कीं तीं रस्त्यावर चालत नसत. शहरांतील लोकांना तीं दिसत नसत, आणि जें दिसत नाहीं तें सरकारी वहींत चढत नाहीं.

ही चूक दुरुस्त होण्यास आणखी दोन तपें लोटलीं. १९९० सालीं अमेरिकेच्या स्वच्छ हवेच्या कायद्यांत सुधारणा झाली आणि रस्त्याबाहेरील एंजिनांचा अभ्यास करण्याची आज्ञा पर्यावरण खात्याला झाली. १९९१ च्या नोव्हेंबरांत त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांत बागेंतील गवतकापणीच्या यंत्रापासून शेतांतील मोठ्या ट्रॅक्टरपर्यंत सुमारें ऐंशी प्रकारच्या यंत्रांचा विचार होता. या अहवालाची पद्धति समजून घेण्यास अवघड नाहीं. यंत्रांची संख्या, प्रत्येक यंत्राचे वर्षांतील कामाचे तास, एंजिनाची शक्ति, त्या शक्तीपैकीं प्रत्यक्ष वापरला जाणारा अंश, आणि शक्तीच्या प्रत्येक एककामागें बाहेर पडणाऱ्या दूषित द्रव्याचें वजन, या पांच राशींचा गुणाकार केला कीं उत्तर निघतें.

समजुतीसाठीं एक उदाहरण घेण्यास हरकत नाहीं. ३७ किलोवॅटचा, म्हणजे सुमारें पन्नास अश्वशक्तीचा, एक ट्रॅक्टर वर्षांत ५०० तास चालला व सरासरी निम्म्या भारानें चालला असें मानूं या. त्याचें वर्षाचें काम ९,२५० किलोवॅट-तास झालें. प्रत्येक किलोवॅट-तासामागें ९.२ ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडें धरलीं तर वर्षाकांठीं सुमारें ८५ किलोग्रॅम वायु हवेंत गेला. ९.२ हा आंकडा कल्पित नव्हे. १९९४ सालीं अमेरिकेनें अशा एंजिनांवर जी पहिली मर्यादा घातली ती हीच होय.

हिशेब पाहतांना शाळकरी मुलालाही जमेल असा वाटतो. त्यांतील मेख अशी कीं पांच राशींपैकीं एकही राशि निश्चित नसते. अहवाल लिहिणाऱ्यांनीं ही गोष्ट लपविली नाहीं. त्यांनीं एकाच यंत्रसमूहाचे दोन स्वतंत्र हिशेब मांडले. पहिला बाजारांत उपलब्ध असलेल्या माहितीवरून, आणि दुसरा कारखानदारांनीं पुरविलेल्या आंकड्यांच्या आधारें. दोन्ही हिशेब जुळले नाहींत. दोहोंतून एकच निष्कर्ष मात्र निघाला, कीं या यंत्रांचा वांटा दुर्लक्ष करण्याजोगा नाहीं. ज्याचा नक्की आंकडा सांगतां येत नाहीं त्याचेंही अस्तित्व निर्विवाद ठरूं शकतें, हें या प्रकरणांत दिसून आलें.

राशि चुकतात त्या कशा, हें पाहण्यासारखें आहे. ट्रॅक्टर कारखान्यांतून किती बाहेर पडले हें कळतें. पण तीस वर्षांपूर्वींचा ट्रॅक्टर गोठ्यामागें गंजत पडला आहे कीं रोज नांगर ओढतो आहे, हें कोणत्याही दप्तरांत नसतें. तासांची स्थितिही तीच. पेरणीच्या दिवसांत अहोरात्र राबणारें यंत्र पुढें महिनोन्महिने उभें राहतें. भाराची गोष्ट त्याहून नाजूक आहे. खोल नांगरट करणारा ट्रॅक्टर छाती फुटेपर्यंत ओढतो, आणि तोच ट्रॅक्टर बांधावर नुसता धडधडत उभा असतां जवळजवळ कांहींच काम करीत नाहीं. अमेरिकन खात्यानें पुढें गणकयंत्रावर चालणारी जी पद्धति बसविली तींत भारी कामाच्या डिझेल यंत्रांसाठीं ०.५९, मध्यम कामासाठीं ०.४३ व हलक्या कामासाठीं ०.२१ असे भारांश धरले. पहिल्या व तिसऱ्या आंकड्यांत जवळजवळ तिपटीचा फरक आहे. यंत्राला एका वर्गांतून दुसऱ्या वर्गांत टाकणाऱ्या कारकुनाच्या लेखणींत किती सामर्थ्य असतें हें यावरून ध्यानांत येईल.

पांचवी राशि म्हणजे न्यायशास्त्रांतील तें ओलें सरपण. तेल सारखेंच असलें तरी प्रत्येक एंजिन तें सारखें जाळीत नाहीं. साखळी-करवतीचें जुन्या धर्तीचें दोन-धक्क्यांचें एंजिन घेतलेल्या पेट्रोलचा सुमारें चौथा हिस्सा किंवा त्याहून अधिक भाग न जाळतांच बाहेर टाकतें. म्हणून मुठींत मावणारें हें एंजिन आपल्या आकाराच्या मानानें फार मोठें दूषण करतें. उलटपक्षीं डिझेल एंजिन तेल जवळजवळ सर्व जाळतें, पण त्याच्या धगींत नायट्रोजनचीं ऑक्साइडें अधिक होतात आणि काजळीही सुटते. तेलांत गंधक किती, एंजिन किती झिजलें आहे, गाळणी किती दिवसांत साफ झाली नाहीं, यांवरही उत्तर पालटतें. प्रयोगशाळेंत नवें एंजिन ठराविक आठ अवस्थांत चालवून जें माप मिळतें, तें चिखलांत रुतलेल्या जुन्या ट्रॅक्टरला कितपत लागूं पडेल?

या गुणाकाराची पडताळणी करण्यासाठीं दुसऱ्या टोंकानेंही हिशेब करतात. यंत्रें न मोजतां देशांत शेतीसाठीं विकलें गेलेलें तेल मोजावयाचें. इंग्लंडमध्यें हें सोपें जातें. कारण शेतीच्या डिझेलवर कर कमी असल्यामुळें त्यांत लाल रंग मिसळलेला असतो आणि त्याची विक्री वेगळी कळते. दोन टोंकांकडून केलेले हिशेब मधोमध भेटले म्हणजे समाधान मानावयाचें. न भेटले तर कोठें तरी खोटें आहे असें समजून पुन्हां आरंभ करावयाचा.

अशा अपुऱ्या हिशेबांवर जी कृति झाली तिचें फळ मात्र चांगलें आलें. युरोपनें १९९७ सालीं रस्त्याबाहेरील यंत्रांवर व २००० सालीं शेती-जंगलांतील ट्रॅक्टरांवर मर्यादा घातल्या, आणि त्या टप्प्याटप्प्यानें आवळल्या. अमेरिकेंत जी मर्यादा ९.२ ग्रॅमवर सुरू झाली ती दोन दशकांत मध्यम व मोठ्या एंजिनांसाठीं ०.४० ग्रॅमवर आली. रस्त्याबाहेरील डिझेलमधील गंधक २००७ पासून दशलक्ष भागांत ५०० भागांवर व २०१० पासून १५ भागांवर आणण्यांत आलें. कारण गंधकयुक्त तेलानें काजळी अडविणाऱ्या गाळण्या व उत्प्रेरक टिकत नाहींत.

महाराष्ट्राच्या शेतींत एंजिनाचा आवाज प्रथम ऐकूं आला तो विहिरीच्या कांठीं. लोखंडी नांगरानें प्रसिद्धीस आलेल्या किर्लोस्करांनीं १९४६ सालीं पुण्यास ऑइल एंजिनांचा कारखाना काढला, आणि मोटेच्या जागीं पंपाची धडधड सुरू झाली. ट्रॅक्टरांची परीक्षा करण्यासाठीं मध्यप्रदेशांत बुधनी येथें १९५५ सालीं स्थापन झालेल्या केंद्रांत १९५९ पासून सोय झाली. वाहनांच्या व एंजिनांच्या धुराची तपासणी करणारी संस्था १९६६ सालीं पुण्यांत निघाली. ट्रॅक्टरांच्या धुरावर भारतांत १९९९ पासून मर्यादा आहेत, आणि १ जानेवारी २०२३ पासून पन्नास अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना अधिक कडक नियम लागूं झाला. भारतांतील बहुसंख्य ट्रॅक्टर मात्र या रेषेच्या खालचे आहेत.

येथें हिशेबनिसाची खरी परीक्षा आहे. या देशांत ट्रॅक्टर एका शेताचा नसतो; तो तासाच्या भाड्यानें दहा बांधांवर फिरतो. तोच दिवाळीनंतर दोन ट्रॉल्या ऊस घेऊन साखर कारखान्याकडे रस्त्यानें निघतो, आणि घर बांधावयाचें असेल तेथें वाळू-विटाही वाहतो. मग त्याचा धूर शेतीच्या खातीं लिहावा कीं वाहतुकीच्या? तेल एकाच पंपावर, एकाच रंगाचें, मालमोटारींबरोबर भरलें जातें. त्यामुळें दुसऱ्या टोंकाचा हिशेबही अडतो. परदेशांतील तास व भारांश जसेच्या तसे उचलून गुणाकार केला तर उत्तर सुबक येईल. खरें येईलच असें नाहीं.

अशा उत्तराची चूक वहीपुरती राहत नाहीं. आंकडा अवाच्या सवा झाला तर शहराच्या खोकल्याचा दोष शेतकऱ्याच्या माथीं बसतो आणि कर्जानें घेतलेल्या ट्रॅक्टरवर नवा बोजा पडतो. आंकडा फार लहान झाला तर दोष कोणावरच येत नाहीं, पण धूर मात्र जातो तेथें जातोच. तो सर्वांत आधीं जातो तो चालकाच्या छातींत. डिझेलच्या धुरानें माणसांत कर्करोग होतो असा स्पष्ट निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २०१२ सालीं दिला आहे. नळकांड्यामागें दिवसभर बसणाऱ्या माणसाला वहीच्या दोन्ही बाजूंनीं भोगावें लागतें. एका चुकीनें त्याचा पैसा जातो आणि दुसरीनें त्याचा श्वास. लॉस एंजेलिसचें पालेभाजीचें पीक करपलें तेव्हां शेतकरी दूषणाचा बळी होता. ट्रॅक्टरवर बसला कीं तो कर्ताही होतो. हिशेबांत त्याचीं हीं दोन्ही नातीं लिहिलीं गेलीं पाहिजेत.

रिंगेलमान यांनीं यंत्रापाशीं स्वतः उभें राहून कागद हातीं धरला होता. त्यानंतरच्या शतकांत हिशेब मोठा झाला, यंत्रें गणकयंत्राच्या पोटांत गेलीं आणि हिशेब करणारा शेतापासून दूर गेला. तरीही ज्या ज्या वेळीं त्याचा आंकडा सुधारला त्या त्या वेळीं कोणी तरी बांधावर जाऊन तास विचारले होते, तेल मोजलें होतें, जुनें एंजिन परीक्षेस आणलें होतें. न्यायशास्त्रानें सांगितलेला उपाधि पुस्तकांत सांपडत नाहीं. सरपण ओलें कीं सुकें हें चुलीपाशीं जाऊनच पाहावें लागतें.